राखेशिवायचा राब

वारा पडला तेव्हा आमच्या राबात राख उरली नव्हती. सकाळी जो तुकडा काळाकरडा आणि पिठासारखा मऊ होता, तो दुपारी झाडलेल्या अंगणासारखा उघडा पडला होता. बाबा बांधावर उकिडवे बसून खालच्या दरीकडं बघत होते. राख तिकडंच गेली होती. काका राबात वाकून फिरत होता. कुठल्या कोपऱ्यात ढीग साचलाय का बघायचा आणि नाही म्हटल्यावर पायानं ढेकूळ उडवायचा. आय माझ्या शेजारी उभी होती. तिच्या पदरावर, केसांत, पापण्यांवर राख होती, माझ्याही असणार. दातांखाली किरकिरत होती. रोहिण्या लागायला आठ दिवस राहिले होते.

पहिला आवाज आला तो यसूकाकूचा. ती आमच्या भावकीतली, खालच्या घरात राहायची. चढण चढून दम लागला होता तरी बोलायची थांबली नाही. हातात सूप होतं, सुपात तांदळाच्या पापड्या, आणि पापड्यांवर आमची राख.

"तुमचा राब माझ्या वाळवणावर येऊन बसलाय. न्यायचा तर न्या भरून."

काका म्हणाला, "काकू, आता थट्टा नको."

"थट्टा कोण करतंय रे? माझं पीठ गेलं." मग तिनं राबाकडं नीट बघितलं आणि सूप खाली ठेवलं. "आगो बाय. कायसुदिक नाय ऱ्हायलं."

ज्यांनी भात फक्त ताटात बघितला आहे त्यांच्यासाठी राब म्हणजे काय ते सांगते. भाताची रोपं आधी एका लहान तुकड्यात वाढवतात आणि मग उपटून मोठ्या खाचरांत लावतात. तो लहान तुकडा उन्हाळ्यात भाजून घ्यायचा. खाली शेण, त्यावर ऐना-किंजळाच्या वाळलेल्या फांद्या, त्यावर पातेरा, म्हणजे गळून पडलेला पाला, आणि गवत, आणि सगळ्यात वर मातीचा पातळ थर. मग वाऱ्याच्या उलट्या अंगानं आग लावायची, म्हणजे ती धावत नाही, दोन-दोन बोटं सरकत धुमसत जाते. ती विझली की जी राख राहते त्यातच रोहिणीत बी टाकतात. हे सगळं मिळून राब. उमरठच्या वरच्या अंगाला आमची वाडी, आणि तिथल्या प्रत्येक माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक होती, की भाताचं रोप राखेवर जगतं. राख गेली तर राब पुन्हा भाजायचा. पण पुन्हा भाजायला पाला कुठला आणायचा? माघात तोडलेल्या फांद्या वाळायला महिना-दीड महिना लागतो, आणि झाडं तर सगळ्यांनी आधीच बोडकी करून ठेवली होती. बाकीच्यांचे राब खळग्यांत होते, त्यांचं फारसं गेलं नाही. आमचा खिंडीच्या तोंडाला होता. बाबांच्या आज्यानं तिथं पाणी साचत नाही म्हणून ती जागा निवडलेली. पाण्याचा विचार केला होता, वाऱ्याचा केला नव्हता.

त्याच्या तीन वर्षं आधी आमचं भात बुडालं होतं. त्या वर्षी आम्ही वरी खाल्ली, नाचणी खाल्ली, फणसाच्या आठळ्या उकडून खाल्ल्या, आणि पुढं कडूकंद तीन पाण्यांत उकळून खाल्ले. काकीचं तान्हं पोर त्या वर्षी गेलं. तिला दूध आलं नाही. आता काकीला पुन्हा चौथा महिना होता. वारा सुटला तेव्हा ती घरात गाईची वैरण बांधत होती. राबाकडं आली, एकदा बघितलं आणि परत गेली. मला ती पाठमोरी दिसली आणि मग मी बोलले.

"बाबा, पेरा. राख लागत नाय."

बाबांनी मान वळवली. मी बारा वर्षांची होते. चौथी झाली होती, पुढची शाळा पोलादपूरला, तिकडं पाठवणार कोण? त्यामुळं मी घरचीच होते, पाणी, गोठा आणि भारे वाहणारी.

"घरी जा," बाबा म्हणाले.

"मी करून बघितलंय."

"वछे, घरी जा."

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

आता मी काय करून बघितलं होतं ते सांगते. पण त्याआधी एक सांगून टाकते, कारण लोक मला फार चांगलं समजायला लागले आहेत. गेल्या वर्षी महाडच्या एका शाळेत विज्ञान दिनाला मला नेलं होतं. माझी नात पुण्याला प्रयोगशाळेत काम करते, तिनं कुणाला तरी ही गोष्ट सांगितली आणि त्यांनी गाडी पाठवली. खुर्ची दिली, नारळ दिला. एका बाईंनी माईक पुढं करून विचारलं, "आजी, तुम्हाला प्रेरणा कुणी दिली?" मी म्हटलं, "ओझ्यानं." पोरं हसली. बाईंना वाटलं मी विनोद केला. मी खरं तेच सांगितलं होतं. नात मला मोबाइलवर मोठमोठ्या शास्त्रज्ञांच्या गोष्टी दाखवते. कुणी झाडाखाली बसलेला असतो, कुणी आंघोळीला बसलेला असतो. ही माणसं हुशारच, मी नाही म्हणत नाही. पण माझ्या डोक्यात जे आलं ते बसल्या जागी आलेलं नाही. डोक्यावर पाल्याचा भारा होता.

माघ लागला की आमचं घर पहाटेच उठायचं. आधी जात्याचा आवाज, मग आय चुलीत फुंकायची तो आवाज, मग काकाचा खोकला. नाचणीची अर्धी भाकरी आणि रात्रीचं कुळथाचं पिठलं खाऊन, धाकट्या भावाला काकीपाशी ठेवून, मी आणि आय रानात जायचो. बाबा आणि काका झाडावर चढून फांद्या तोडायचे. कोयत्याचा टक-टक आवाज समोरच्या डोंगरावर आपटून परत यायचा, म्हणजे एक घाव दोनदा ऐकू यायचा. खाली आम्ही भारे बांधायचो. भारा उचलून द्यायला दुसरं माणूस लागतं, पण उतरवायला लागत नाही, मान वाकडी केली की पडतो. दिवसाला पाच खेपा. चुंबळ कितीही जाड केली तरी टाळूवर वाटीएवढी जागा बधिर व्हायची, आणि मानेतली एक शीर महिनाभर दुखायची. वाटेत करवंदाच्या जाळ्या फुलायला आलेल्या असायच्या, तिकडं बघायलासुद्धा मान वळायची नाही.

दहाव्या वर्षी अशीच एका खेपेला मी थांबले आणि आयला विचारलं, "राखच पायजे ना भाताला?"

"व्हय."

"मंग चुलीत रोज राख होते ती कुठं जाते?"

"उकिरड्यात."

"ती टाकली तर?"

आय पुढं चालत होती. तिच्या भाऱ्यामुळं मला तिचं तोंड दिसत नव्हतं. थोडं अंतर गेल्यावर म्हणाली, "बापसाला इचार."

मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "आपल्या बापजाद्यांनी राब केला, ते काय येडे व्हते?" काका म्हणाला, "हिला भारा वाहायचा कंटाळा आलाय." ते अगदी खरं होतं. मला कंटाळाच आला होता. माझं म्हणणं एवढंच होतं, की चुलीच्या राखेनं काम होत असेल तर मला रानात नेऊ नका.

त्या दिवशी भांडी घासताना आय म्हणाली, "राबाच्या खालच्या टोकाला चार हात जागा देते. कर काय करायचं ते. पण घरचं काम चुकवायचं नाय. आन जे व्हईल ते खरं सांगायचं. बरं दिसावं म्हनून वर पानी वतायचं नाय."

तिच्या या बोलण्याचा अर्थ मला फार उशिरा कळला. आय एक इयत्ताही शिकली नव्हती. सही करायची वेळ आली की अंगठा पुढं करायची. पण पोरीला आपल्या कल्पनेचा मोह होणार, आणि त्या मोहापायी ती हातचलाखी करणार, हे तिला आधीच दिसलं होतं. नात म्हणते, आजी, आमच्याकडं मोठी शिकलेली माणसंसुद्धा वरून पाणी ओततात.

मी चार पट्ट्या केल्या, प्रत्येकी हातभर रुंद. एकीत नेहमीसारखा राब. दुसरीत राब भाजून झाल्यावर राख केरसुणीनं झाडून घेतली आणि टोपलीत भरली, कारण चुलीची राख कमी पडेल अशी मला भीती होती. तिसरीत न भाजता चुलीची आणि टोपलीतली राख जाड पसरली. चौथीत काहीच केलं नाही. नातीनं मोठ्या कौतुकानं विचारलं होतं, "आजी, काहीच न केलेली पट्टी ठेवायची हे तुला कसं सुचलं?" तिथपर्यंत राख पुरली नाही, हे त्याचं उत्तर आहे.

मला वाटलं होतं तिसरी पट्टी जिंकेल. पाऊस पडला, बी उगवलं, आणि तिसऱ्या पट्टीत भातापेक्षा गवतच जास्त वर आलं. मोठं हिरवंगार दिसत होतं. मी खूश झाले होते. आय खाली बसली, दोन बोटांत एकेक काडी धरून म्हणाली, "हे गवत. हे गवत. हे पन गवत. हा एक भात." जी दुसरी पट्टी मी राख चोरायला म्हणून भाजली होती, जिच्याकडं मी बघतसुद्धा नव्हते, तिच्यातलं रोप नेहमीच्या राबाच्या रोपाला खांदा लावून उभं होतं.

मी हिरमुसले. आयनं मला काही समजावलं नाही. ती म्हणाली, "तुझी दुसरी पट्टी उतारावर हाय. वरनं झिरपा येतो. पान्यानं वाढलं का कशानं, कसं कळनार? फुडल्या वर्सी पट्ट्या आडव्या घे, म्हंजे सगळ्यांना सारखं पानी."

पुढच्या वर्षी पट्ट्या आडव्या घेतल्या. बी एकाच कणगीतलं, एकाच मुठीनं टाकलेलं. पुन्हा तेच झालं. भाजून राख झाडलेल्या पट्टीत रोप चांगलं, न भाजता राख टाकलेल्या पट्टीत गवत. तेव्हा मला कळलं की राख हे नुसतं मागं उरलेलं आहे. काम करते ती आग. ती मातीतलं गवताचं बी मारते, कीड मारते, आणि माती कशी भुसभुशीत आणि तयार करून ठेवते. राख डोळ्यांना दिसते म्हणून सगळ्यांनी श्रेय राखेला दिलं होतं. हे मला अकराव्या वर्षी कळलं, आमच्या वाडीत आधी कुणाला कळलं नव्हतं, आणि त्याचा मला गर्व आहे. म्हातारपणी गर्व लपवायचा असतो असं म्हणतात, पण मला त्याचं कारण दिसत नाही.

तर तो वाऱ्याचा दिवस. संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी सगळे ओट्यावर बसले. चूल पेटली होती, पण तव्यावर काही पडलं नव्हतं. काकाचं म्हणणं होतं की या वर्षी पेरायचंच नाही. बियाणाचं भात कांडून खायचं, आणि दोघा भावांनी मुंबईला जाऊन मिळेल त्या कामाला लागायचं. बाबांचं म्हणणं होतं की आजूबाजूच्या वाड्यांत उरलीसुरली रोपं मागायची.

"उरलेली रोपं कदी मिळनार? त्यांची लावनी झाल्यावर," काका म्हणाला. "तवर ती म्हातारी. त्याला काय दाना धरनार, दादा?"

मग आय आतून आली. तिच्या हातात चार चिंध्या होत्या, गाठी मारलेल्या. ती कधी पुरुषांच्या बोलण्यात पडायची नाही, त्यामुळं काका बोलता बोलता थांबला. तिनं एकेक गाठ सोडली आणि ओट्यावर खड्यांचे चार ढीग केले.

"हे काय?" बाबा म्हणाले.

"वछीच्या पट्ट्या. मागल्या वर्सीच्या. रोप उपटताना जेवढ्या मुठी निघाल्या तेवढे खडे."

मी थक्क झाले. चार वर्षं शाळेत गेले होते, पाढे म्हणायची, पाटी होती घरात. मी कुठं काही लिहून ठेवलं नव्हतं. आय चिंध्यांत खडे बांधून फडताळात ठेवत होती आणि मला बोललीसुद्धा नव्हती.

बाबा वाकले. "कुठला ढीग कशाचा?"

आयनं बोटानं दाखवलं. नेहमीचा राब, अकरा खडे. भाजून राख काढलेला, दहा. नुसती राख, चार. काहीच नाही, तीन. बाबांनी पहिले दोन ढीग शेजारी शेजारी ओढले आणि खडे जोडीनं लावले. शेवटी एकाकडं एक खडा उरला. त्यांनी तो उचलून हातात फिरवला.

"हे मला का नाय सांगितलंस?"

"तुमी इचारलं नाय."

काका म्हणाला, "वैनी, चार हातांचा खेळ येगळा आन आख्ख्या घराचं बी येगळं. पोरीच्या खेळावर दोन मन भात मातीत घालायचं?"

"खेळ आसता तर मी खडे ठेवले नसते, भावजी," आय म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "तू बोल. तुला पक्कं म्हायती हाय का?"

या प्रश्नाला मी आजही घाबरते. पक्कं म्हणायला जीभ उचलत होती. चुलीपाशी काकी बसली होती, पाठ भिंतीला टेकून, एक हात पोटावर. मी म्हटलं, "चार हातांत झालं ते पक्कं हाय. सगळ्या राबात व्हईल का ते म्हायत नाय. आन आज वाऱ्यानं वरची मातीपन थोडी गेली आसंल. ती किती गेली ते बगाय पायजे."

बाबांनी माझ्याकडं असं कधी बघितलं नव्हतं. एखाद्या बाप्याकडं बघावं तसं बघितलं. "कसं बगनार?"

"खनून."

सकाळी आम्ही दोघं राबात गेलो. मी बांधाबाहेर, न भाजलेल्या जागी, खुरप्यानं वीतभर खड्डा केला. मातीत पांढरी बारीक मुळं होती, गवताची, जिवंत, ओढली की चिवटपणे ताणायची. मग राबात खड्डा केला. वरून दोन बोटं माती तांबूस आणि ठिसूळ होती, मुळं हात लावला की तुटत होती. त्याच्याखाली पुन्हा जिवंत मुळं. राबाच्या वरच्या कडेला तिसरा खड्डा केला, तिथं तांबूस माती एकच बोट होती. वाऱ्यानं तिथली थोडी उचलली होती. ते मी बाबांना आपणहून दाखवलं. ते खाली बसले. तिन्ही खड्ड्यांतली माती तळहातावर घेऊन चोळली, हुंगली. खालून कुठूनतरी तांबट ओरडत होता, टोक, टोक, आणि मला त्याचा राग आला होता.

घरी आल्यावर बाबा काकाला म्हणाले, "रोहिणी लागली की पेरायचं."

"सगळं?"

"सगळं."

"दादा, निम्मं तरी ठिवा."

"निम्म्या भातात निम्मी मानसं जगतील," बाबा म्हणाले. "कुठली निम्मी ते तू सांग."

पेरणीच्या दिवशी काकाच पहिला राबात उतरला.

वाडीनं आम्हाला वेड्यात काढलं. यसूकाकू पाण्यावर भेटली की विचारायची, "काय गो मास्तरीन, भात वाऱ्यावर पेरलास म्हनं?" बायका हसायच्या. मी हंडा उचलून चालू लागायची. मला तिचा राग नव्हता, कारण तिच्या जागी मीही हसले असते. मला भीती होती ती आमच्याच घरात. बाबा राबाकडं फिरकायचे नाहीत. दुसऱ्या वाटेनं जायचे, आणि जेवताना भाकरीचा तुकडा मोडत, माझ्याकडं न बघता विचारायचे, "वछे, काय?" मी म्हणायची, "अजून नाय." एवढंच आमचं बोलणं. आय त्या दिवसांत रोज आंबील करायची, वर सुका जवळा भाजून. कुणालाच चव लागत नव्हती, तरी वाट्या रिकाम्या व्हायच्या, कारण टाकून द्यायची सोय नव्हती.

पाऊस आल्यावर सहाव्या दिवशी काका राबावरून आला. दारात उभा राहून पायाचा चिखल पुसत राहिला. "सुया आल्यात," म्हणाला. बस. आम्ही सगळे गेलो. काकी सावकाश चालत मागून आली. तांबड्या मातीवर बारीक पोपटी सुया, दाट, सगळ्या राबभर. वरच्या कडेला विरळ होत्या, जिथं माती एकच बोट होती तिथं गवतही होतं. बाबांनी तिथं बोट दाखवलं आणि म्हणाले, "हे तू आधीच सांगितलं व्हतंस." मला मिळालेलं बक्षीस ते एवढंच. शाळेत मिळालेला नारळ मी वाटून टाकला. हे वाक्य कुणाला दिलेलं नाही.

आषाढात लावणी झाली. वरच्या दोन खाचरांना रोप कमी पडलं, तिथं आम्ही वरी टाकली. बाकी सगळी खाचरं भरली. यसूकाकू स्वतःची लावणी संपल्यावर आमच्याकडं हात लावायला आली आणि मुठी बांधता बांधता म्हणाली, "पोरी, तुझी ती पट्टी मलाबी दाखव फुडल्या साली." मी म्हटलं, "पापड्यांची भरपाई मागनार नसशील तर दाखवते." तिनं माझ्या पाठीवर चिखलाचा हात मारला.

आता लोकांना वाटतं की एवढा शोध लागल्यावर वाडी बदलली असेल. काही बदललं नाही. राख लागत नाही हे खरं, पण आग लागते, आणि आगीला पाला लागतो. म्हणजे ज्या ओझ्यातून सुटायला मी हे सगळं केलं, ते ओझं लागतंच, एवढंच मी सिद्ध केलं होतं. पुढच्या माघात बाबांनी मला पाच खेपांच्या सहा सांगितल्या. मातीचा थर जाड करायचा, आग आणखी सावकाश चालवायची, हे मीच त्यांना सांगून बसले होते. काका म्हणाला, "हुशारीचं फळ हाय, खा." मी लग्न होईपर्यंत ते खाल्लं.

नात विचारते, आजी, तू शिकली असतीस तर? मला या प्रश्नात गंमत वाटत नाही. शिकले असते तर शिकले असते. मला जे वाटतं ते मी शाळेतल्या त्या बाईंना सांगितलं, पण तेव्हा माईक बंद पडला होता. डोकं सगळ्यांना असतं. आमच्या वाडीतल्या प्रत्येक बाईच्या मानेत तीच शीर दुखत होती, आणि त्यातल्या निम्म्याजणींना तोच प्रश्न पडला असणार. त्यांना चार हात जागा कुणी दिली नाही. मला दिली, आणि दिल्यावर दोन वर्षं मला एकटं सोडलं, पण नजर काढली नाही. पहिल्या वर्षी माझं चुकलं तेव्हा आय हसली असती, किंवा तिनं माझे लाड केले असते, तरी तिथंच संपलं असतं. तिनं फक्त पट्ट्या आडव्या घ्यायला सांगितल्या. आमच्या घरात खरं शास्त्र कुणाला येत होतं असं विचाराल तर ते तिला. मी नुसती आळशी होते.

कार्तिकात भात घरात आलं. कणगी गळ्यापर्यंत भरली नाही, पण भरली. त्याच महिन्यात काकी बाळंत झाली, मुलगी झाली. तिला दूध पुरलं. ती पुढं नाते गावात दिली, अजून आहे. बाबा, आय, काका, काकी, माझा धाकटा भाऊ, मी आणि ती मुलगी, असे आम्ही सात जण त्या वर्षी घरात होतो. पुढच्या रोहिणीला सातही होतो.